छायाचित्राची उलटतपासणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामोआतल्या अपिया या बंदरगावी काही गोऱ्या छायाचित्रकारांचे स्टुडिओ होते. तिथून निघालेली चित्रे आज न्यूझीलंडपासून जर्मनीपर्यंतच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतली बरीचशी एकाच साच्याची. मागे झाडाची साल कुटून केलेले नक्षीदार सिआपो कापड किंवा रंगवलेला पडदा, बाजूला झावळ्या, पुढे चटईवर बसलेली, कमरेच्या वर उघडी तरुणी. खालची ओळ तिचे नाव सांगत नाही, ती कोणत्या जातकुळीची ते सांगते: सामोअन सुंदरी, सरदाराची मुलगी, मिश्र रक्ताची स्त्री. ती कोणत्या गावची, तिला कोणी बसवले, बसण्याचे काय मिळाले, उठल्यावर तिने कोणते कपडे घातले, यातले काहीही कागदावर नाही. इतिहासकाराला अशा चित्राचे काय करावे हा पेच पडतो. पुरावा म्हणून घ्यावे तर ते विकण्यासाठी केलेले. खोटे म्हणून टाकावे तर त्या मुलीचा दुसरा मागमूस कुठेच उरत नाही. युकी किहारा या सामोअन कलाकाराने गेली वीसेक वर्षे छायाचित्रे, नृत्ये, प्रदर्शने आणि दप्तरांतला शोध अशा मार्गांनी जे काम केले आहे, ते नेमके या पेचावरचे आहे. त्या कामाला सहसा निषेधाची कला म्हटले जाते. माझ्या मते ते वर्णन अपुरे आहे. किहारा यांचे काम ही पुरावा तपासण्याची एक पद्धत आहे, आणि इतर पद्धतींना आपण विचारतो तेच कठोर प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत.

किहारा यांचा जन्म 1975 चा, अपियाचा. वडील जपानी, आई सामोअन. किशोरवयात त्या न्यूझीलंडला गेल्या आणि वेलिंग्टनमध्ये फॅशन डिझाइन शिकल्या. विद्यार्थिदशेतच, 1995 मध्ये, त्यांनी केलेला एक पोशाख ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. त्या फाआफाफिने आहेत: जन्माच्या वेळी पुरुष ठरवल्या गेलेल्या, पण स्त्रीच्या रीतीने वावरणाऱ्या माणसांना सामोअन समाजात हे नाव आणि ही जागा जुन्या काळापासून आहे. शिवणकाम शिकलेली नजर आणि स्त्री-पुरुष या दोनच खणांत न बसणारे आयुष्य, या दोन्ही गोष्टी त्यांच्या संशोधनात सतत कामाला येतात. कापड कोणाचे, कोणी नेसवले आणि का, हा प्रश्न त्यांना इतरांआधी सुचतो.

2004-05 मधली त्यांची तीन छायाचित्रांची जोडमाळ याचा उत्तम दाखला आहे. तिन्हींमध्ये किहारा स्वतः आहेत, तिन्हींचा रंग जुन्या चित्रांसारखा तपकिरी आहे आणि बसण्याची ढबही तीच, आडव्या बैठकीवर रेललेली. पहिल्यात कमरेला गवताचा घागरा आहे, छाती उघडी आहे. हे चित्र जुन्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात सहज मिसळून जाईल. दुसऱ्यात घागरा नाही, आणि दिसते ते स्त्रीचे नग्न शरीर. तिसऱ्यात बैठक तीच, चेहरा तोच, नजर तशीच थेट कॅमेऱ्याकडे. पण आता पुरुषाचे लिंग दिसते. प्रेक्षकाने पहिल्या चित्रात जे निःशंकपणे वाचले होते ते तिसऱ्यात त्याच्यावर उलटते. हे धक्का देण्यासाठी केले आहे असे म्हणून पुढे जाता येते, पण तसे करणाऱ्याच्या हातून मुख्य मुद्दा निसटतो. पहिले चित्र खोटे नव्हते. त्यात एकही खोटी वस्तू नव्हती. तरीही पाहणाऱ्याने त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला, कारण तो चित्रातून आलाच नव्हता. तशी शेकडो चित्रे आधी पाहून तो तयार झालेला होता. मूळ चित्रांबद्दलही हेच घडते, हे एखाद्या प्रबंधाने पन्नास पानांत सांगितले असते. इथे ते पाहणाऱ्याच्या स्वतःच्या चुकीतून सिद्ध होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: पुन्हा वेश करून फोटो काढणे हे नाटक झाले, नाटक म्हणजे पुरावा नव्हे. पण मूळ चित्रे तरी काय होती? लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स 1830 मध्ये सामोआत उतरले, आणि पुढच्या दोन पिढ्यांत जवळपास सगळा समाज ख्रिस्ती झाला. अंग झाकणारे सुती कपडे हे सभ्यपणाचे लक्षण ठरले. म्हणजे 1890 च्या सुमारास स्टुडिओत चटईवर उघड्या अंगाने बसलेली मुलगी रविवारी चर्चला तशी जात नव्हती. मोठ्या समारंभात, डोक्यावर तुइगा नावाचा भारी मुकुट घालून नाचणाऱ्या सरदारकन्येचा वेश वेगळा असे, त्यामुळे चित्रातले सगळेच छायाचित्रकाराच्या मनचे होते असेही म्हणता येत नाही. पण समारंभातला वेश काढून तो रोजच्या जगण्याचा नमुना म्हणून विकणे, ही त्या धंद्याची करामत होती. थॉमस अँड्र्यू 1891 मध्ये न्यूझीलंडहून सामोआत स्थायिक झाले आणि 1939 मध्ये तिथेच वारले. आल्फ्रेड टॅटरसॉल 1886 मध्ये आले आणि तेही तिथलेच झाले. बोटीने येणाऱ्या प्रवाशाला आणि दूरच्या ग्राहकाला काय हवे आहे हे दोघांनाही ठाऊक होते. हा उद्योग सामोआपुरता नव्हता. विल्यम जॉन्सन यांनी 1860 च्या दशकात मुंबईच्या जातीजमातींचा जो चित्रसंग्रह काढला, त्यात वेगळी टिपलेली माणसे शहरातल्या देखाव्यांवर जोडून छापली होती. तेव्हा किहारा नाटक करतात हे खरेच. पण ते एका नाटकाचे पुन्हा केलेले नाटक आहे. आणि पहिले नाटक कसे बसवले होते हे कळायचे असेल तर ते पुन्हा बसवून पाहण्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. सामोअन जोडप्याच्या एका चित्रात किहारा नवराही झाल्या आहेत आणि बायकोही. मिशा कुठे लावायच्या, पंखा कोणी धरायचा, कोण पुढे बसणार, असे निर्णय घ्यावे लागले की 'जोडपे' हाही स्टुडिओतला एक ठरलेला प्रकार होता हे हाताला लागते.

त्याहून मोलाचे काम मला सालोमे या पात्राचे वाटते. अँड्र्यू यांचे, ते सामोआत स्थायिक होण्याआधीचे, 1886 सालचे एक छायाचित्र ते पापाच्या संग्रहात आहे. त्यात व्हिक्टोरियन काळातला शोकाचा काळा पोशाख घातलेली एक स्त्री आहे, आणि शीर्षकात तिची ओळख एवढीच की ती मिश्र रक्ताची सामोअन आहे. किहारा यांनी तसाच पोशाख केला: गळ्यापर्यंत बंद, कमरेला आवळलेला, जमिनीवर लोळणारा. तो घालून, सालोमे होऊन, त्या ताउआलुगा नाचल्या. समारंभाचा शेवट करणारा हा मानाचा नाच. त्याचे सगळे सौंदर्य मनगटाच्या आणि बोटांच्या हालचालीत असते. काळ्या कापडाने बाकीचे शरीर गिळलेले, आणि बाह्यांच्या टोकाला फक्त हात बोलत राहतात. पुढे 2013 मध्ये याच सालोमेला घेऊन त्या सामोआभर फिरल्या आणि एक छायाचित्रमाला केली. तिला नाव दिले ताहितीत राहून चित्रे काढणाऱ्या फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्या 1897 च्या प्रसिद्ध चित्राचे, ज्यात आपण कुठून आलो, कोण आहोत आणि कुठे चाललो आहोत असे विचारले आहे. या चित्रांत सालोमे बहुधा पाठमोरी आहे. ती मुलिनूऊच्या जर्मन स्मारकापुढे उभी आहे, वाइमोसोला न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्धच्या माऊ चळवळीच्या मुख्यालयाजवळ आहे, अपियाच्या जुन्या न्यायालयासमोर आहे, 2009 च्या त्सुनामीने झोडपलेल्या लालोमानूच्या किनाऱ्यावर आहे, आणि डिसेंबर 2012 च्या इव्हान चक्रीवादळाने मोडलेल्या चर्चमध्येही आहे.

ही ठिकाणे जोडली की पोस्टकार्डांनी जे बाहेर ठेवले होते ते समोर येते. त्या सुंदरींची चित्रे ज्या वर्षांत काढली गेली, त्याच वर्षांत सामोआत राजपदावरून लढाया चालू होत्या आणि जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आपापल्या उमेदवारामागे युद्धनौका घेऊन उभ्या होत्या. मार्च 1889 च्या वादळात अपियाच्या बंदरात जर्मनी आणि अमेरिकेच्या सहा युद्धनौकांची वाताहत झाली. 1899 च्या करारात तिन्ही सत्तांनी द्वीपसमूह वाटून घेतला: पूर्वेकडची बेटे अमेरिकेला, पश्चिमेकडची जर्मनीला, आणि ब्रिटनला त्याबदली इतरत्र सवलती. 1 मार्च 1900 रोजी मुलिनूऊला जर्मन झेंडा चढला. गव्हर्नर विल्हेल्म झोल्फ यांच्या कारभाराला विरोध करणारे वक्ते लाउआकी यांना 1909 मध्ये सायपान बेटावर हद्दपार करण्यात आले. महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट 1914 मध्ये, न्यूझीलंडच्या फौजेने बेटे घेतली. नोव्हेंबर 1918 मध्ये 'तालुने' हे जहाज फ्लूचे रोगी घेऊन ऑकलंडहून अपियाला लागले, त्याला कोणी विलगीकरणात ठेवले नाही, आणि काही आठवड्यांत सुमारे 8,500 माणसे मेली, म्हणजे लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआत बंदर कडक बंद ठेवले गेले, तिथे एकही बळी गेला नाही. या संतापातून माऊ चळवळीला बळ आले. 28 डिसेंबर 1929 ला अपियात तिच्या शांततामय मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे यांच्यासह सुमारे 10 सामोअन मारले गेले. स्वातंत्र्य मिळाले ते 1 जानेवारी 1962 ला. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी माफी मागितली ती 2002 मध्ये. सालोमेचा शोक कशाचा, असे ज्याला विचारायचे असेल त्याच्यासाठी उत्तराची यादी इतकी लांब आहे. संग्रहालयाच्या नोंदींत स्त्री एका खणात असते आणि राजकारण दुसऱ्या. काळा पोशाख घातलेली एकच बाई दोन्ही खण एका चौकटीत आणते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो सामोअन बाजूनेच येतो. या सगळ्या कथेत सामोअन माणूस नुसता बळी ठरतो. पण चित्रात बसणारे, परदेशी जाऊन नाचणारे लोक स्वतःच्या हिशेबानेही ते करत होते. हे खरे आहे. जर्मनीत तेव्हा माणसांची प्रदर्शने भरत. प्राणिसंग्रहालयांत आणि करमणुकीच्या बागांत दूरदेशची खेडी उभारून त्यांत जिवंत माणसे ठेवली जात. मार्क्वार्ट बंधूंनी 1895-97, 1900-01 आणि 1910-11 अशा तीन वेळा सामोअन मंडळी तिकडे नेली. शेवटच्या खेपेस तामासेसे लेआलोफी पहिले होते, म्हणजे 1929 मध्ये गोळी लागलेल्या नेत्याच्याच घराण्यातले. त्यांच्या लेखी ही नाचगाण्याची सहल नव्हती, एका मोठ्या सरदाराने दुसऱ्या राज्याला दिलेली भेट होती. हिल्के टोडे-आरोरा या अभ्यासिकेने जर्मन दप्तरे आणि सामोअन घराण्यांच्या आठवणी दोन्ही तपासून ही बाजू मांडली, आणि 2014 मध्ये म्युनिकच्या संग्रहालयात तिचे प्रदर्शन झाले. ज्या गोष्टीला बर्लिनचा प्रेक्षक तमाशा समजत होता तिला तामासेसे मुत्सद्देगिरी समजत होते.

किहारा यांचा 2012 मधला सिडनीचा प्रयोग या आक्षेपापुढे टिकतो, कारण त्यात बळी आणि व्यवहार दोन्ही आहेत. प्रयोगाचे नाव 'कल्चर फॉर सेल'. पारंपरिक वेशातले सामोअन नर्तक निश्चल उभे असतात, प्रत्येकापुढे एक भांडे. कोणी नाणे टाकले की नर्तक थोडा वेळ नाचतो आणि पुन्हा थांबतो. पुढचे नाणे पडेपर्यंत काहीच घडत नाही. प्रेक्षकाला दोनच वाटा उरतात: पैसे टाकून नाचवणे, किंवा न टाकता थांबलेल्या माणसाकडे टक लावून पाहत राहणे, आणि दुसरी वाट पहिलीपेक्षा मुळीच सोज्वळ वाटत नाही. पण नर्तकाच्या बाजूने पाहा. तो फुकट नाचत नाही. किती वेळ नाचायचे ते त्याच्या हातात आहे, आणि थांबणे हाही त्याचा अधिकार आहे. माणसांच्या प्रदर्शनांतली सौदेबाजी कशी चालत असेल, तिच्यात कोणाचा हात कुठे अडकलेला होता, याची ही मांडणी आहे. टोडे-आरोरा यांनी दप्तरांतून जे सिद्ध केले त्याला हा प्रयोग खोडत नाही. दप्तरात न उतरणारी एक गोष्ट मात्र तो जोडतो: पैसे टाकणाऱ्याचा अवघडलेपणा. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाने तो कुठे लिहून ठेवला असेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

2015 मधल्या एका मालेत किहारा मोजमापाच्या शास्त्राकडे वळल्या. त्यात पॉलिनेशियाचा पुराणपुरुष माउई हा अभ्यासाचा 'नमुना' म्हणून उभा आहे, आणि हातमोजे घातलेले हात त्याच्या नाकाची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने घेत आहेत. समुद्रातून बेटे ओढून काढणाऱ्या वीराचे नाक मिलिमीटरमध्ये. सामोअन शरीरांच्या मोजमापांवर लुई सुलिव्हन यांचा ग्रंथ 1921 मध्ये होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाने छापला होता, तेव्हा किहारा यांनी हा प्रकार कल्पनेतून काढलेला नाही.

मात्र या पद्धतीची खरी परीक्षा गोगँच्या बाबतीत होते, कारण तिथे किहारा ठाम ऐतिहासिक दावा करतात. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन होते. तिथे गोगँची चित्रे पाहताना त्यांना ती सामोआच्या जुन्या छायाचित्रांसारखी वाटली. माओरी विदुषी नाहुइया ते अवेकोटुकू यांनी 1992 मध्येच गोगँच्या चित्रांतल्या काही आकृतींच्या स्त्री-पुरुषपणाबद्दल शंका मांडली होती. किहारा यांनी दोन्ही धागे जुळवले. त्यांचे म्हणणे असे की 1899 च्या 'तीन ताहितीवासी' या चित्रातली पाठमोरी आकृती अँड्र्यू यांनी टिपलेल्या पाठमोऱ्या, गोंदलेल्या सामोअन पुरुषावरून घेतलेली असावी. गोगँ सामोआत कधीही राहिला नाही. पण ऑगस्ट 1895 मध्ये ताहितीला परतताना तो ऑकलंडला दहाएक दिवस अडकला होता, आणि तिथल्या संग्रहालयात त्याने माओरी कोरीवकामाची रेखाटने केली. पातोरोमू तामातेआ यांनी कोरलेले एक लाकडी पात्र पुढे त्याच्या 1901 च्या सूर्यफुलांच्या चित्रात आले. शार्ल स्पिट्झ यांच्या छायाचित्रावरून त्याने 1893 मध्ये झऱ्याचे पाणी पिणारी आकृती रंगवली हेही जाणकारांनी मान्य केलेले आहे. म्हणजे तो छायाचित्रांवरून चित्रे काढत असे हे सिद्ध आहे, ऑकलंडला पाहिलेल्या वस्तू वापरत असे हेही सिद्ध आहे. अँड्र्यू यांचे ते विशिष्ट छायाचित्र त्याच्या हाती आले होते, हे मात्र सिद्ध नाही. साम्य आणि संधी दोन्ही आहेत, हस्तांतराचा कागद नाही. इतिहासाच्या न्यायालयात याला प्रबळ शक्यता म्हणतात, निकाल नव्हे, आणि किहारा यांच्या चाहत्यांनी हा फरक पुसू नये असे मला आग्रहाने वाटते. तो राखल्याने त्यांच्या कामाचे मोल घटत नाही. ताहितीचा स्वर्ग म्हणून जे जगभर पूजले गेले त्यात स्टुडिओतला माल किती, हा प्रश्न त्यांनी अशा जागी आणून ठेवला आहे की गोगँच्या अभ्यासकाला आता तो टाळून पुढे जाता येणार नाही.

2022 च्या व्हेनिस बिएनालेत न्यूझीलंडचे प्रतिनिधित्व करताना त्यांनी 'पॅराडाइज कॅम्प' मांडले: उपोलू बेटावर जवळपास 100 माणसांच्या चमूसह टिपलेली 12 छायाचित्रे, गोगँच्या रचना घेऊन, त्यांत फाआफाफिने आणि त्यांचे सोबती. शेजारी दप्तरांतले कागद, जुनी चित्रे, नकाशे लावलेले. इथे तिसरा आक्षेप घेतला गेला: ज्या पाश्चात्त्य संस्थांवर टीका करायची त्यांच्याच भिंती वापरायच्या आणि पुन्हा रंगीबेरंगी स्वर्गच दाखवायचा. पण मूळ छायाचित्रे आणि चित्रे आहेत ती याच संस्थांच्या ताब्यात. उलटतपासणी साक्षीदार असेल तिथेच करावी लागते. आणि कागद छायाचित्रांच्या शेजारीच लावले होते, हे विसरून चालणार नाही. स्वर्ग पाहायला आलेल्याला तो कसा बनवला जातो हेही तिथेच वाचावे लागत होते.

शेवटचा आक्षेप असा की फाआफाफिनेंना जुन्या चित्रांत शोधणे म्हणजे आजची ओळख भूतकाळावर लादणे. चित्रातली अमुक आकृती फाआफाफिने होती असे कोणी छातीठोक सांगितले तर हा आक्षेप मी उचलून धरीन. पण लादणे कोणत्या बाजूने झाले हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. न्यूझीलंडच्या अमलाखाली 1961 मध्ये झालेल्या गुन्हेविषयक कायद्यात पुरुषाने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीचा वेश घेणे हा गुन्हा ठरवला होता. बेटावर जुन्या काळापासून असलेल्या माणसांना बाहेरून आलेल्या मोजपट्टीने गुन्हेगार केले, आणि स्वतंत्र देशाने तो वारसा पन्नासहून अधिक वर्षे सांभाळला. 2018 मध्ये किहारा यांनी डॅन ताउलापापा मॅकमलिन यांच्यासह संपादित केलेल्या 'सामोअन क्विअर लाइव्ह्ज' या पुस्तकात अशाच माणसांनी आपापली आयुष्ये सांगितली आहेत, नावानिशी, स्टुडिओतल्या मुलींना जे मिळाले नाही तसे. वेशाविषयीचे कलम 2013 च्या नव्या कायद्यात गळाले. पुरुषांमधील शरीरसंबंधांना गुन्हा मानणारे कलम त्या नव्या कायद्यातही कायम ठेवण्यात आले.